पहिल्या पाळीचं तिकीट

‘ऊपर से क्या-क्या दिखता है?’ तिकिटाच्या खिडकीत बसून मी हा प्रश्न नऊ वर्षं ऐकला. माझं उत्तर ठरलेलं असे, ‘तुम्हाला काय बघायचंय?’ लोक गोंधळत. काही चिडत. सिनेमाच्या खिडकीवर कोणी असं उलट विचारत नाही, हे मलाही माहीत होतं. पण सिनेमा सगळ्यांना सारखाच दिसतो. आमच्याकडे तसं नव्हतं.

आमचा टावर अकरा मजल्यांचा. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हसू येईल, तर खुशाल हसा. त्या काळच्या इंदुरात त्याच्या बरोबरीने उभ्या होत्या त्या मिलच्या चिमण्याच, आणि त्यांच्यावर तिकीट काढून चढता येत नव्हतं. नव्वदीतली वर्षं होती ती. गिरण्या, आम्ही मिलच म्हणतो, एकामागून एक बंद पडत होत्या आणि त्याच वेळी शहराला नवा हुरूप चढला होता. कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी खोकी, घराघरावर केबलच्या तारा, रस्त्यावर नव्या मोटारींची दुकानं. सियागंजात लोखंडी सामानाचा धंदा करून वर आलेल्या एका शेठजींनी हा टावर बांधला. खालची दुकानं हातोहात गेली, वरच्या मजल्यांकडे कोणी फिरकेना. लोकांना वर यायची सवय लागावी म्हणून त्यांनी गच्चीला पक्के कठडे घातले, मधोमध एक मोठी दुर्बीण बसवली आणि खाली पाटी लावली, ‘दर्शन गैलरी’. ‘दर्शन’ वाचून पहिल्या महिन्यात चार-पाच बायका नारळ घेऊन आल्या आणि लिफ्टच्या बाहेर चपला काढून आत शिरल्या. त्यांना परत पाठवणं हे माझं तिथलं पहिलं काम.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, बी. ए. झालेली, टायपिंग येणारी आणि तोंडाने फटकळ. शेवटचा गुण मॅनेजर साहेबांना मुलाखतीतच कळला. ते म्हणाले, ‘खिड़की पे ऐसी ही चाहिए.’

तिकिटं दोन प्रकारची. पिवळं म्हणजे साधं, गच्चीवर हवं तेवढं फिरा. गुलाबी म्हणजे दुर्बिणीचं, तीन मिनिटं. त्याखेरीज दिवसाचे तीन भाग होते. मॅनेजर साहेब आधी एका मिलच्या टाइम ऑफिसात होते. दिवसाचे तुकडे पाडायची त्यांना एकच रीत ठाऊक, म्हणून तिकिटांवर त्यांनी छापून घेतलं : पहली पाली, दूसरी पाली, तीसरी पाली. दहा ते एक, एक ते चार, चार ते सात. लोकांना वाटे कुठलीही पाळी घेतली तरी इंदूर तेच. खरी मेख तिथेच होती. ज्या दिशेला बघायचं त्या दिशेला ऊन पाठीशी हवं. पूर्वेचं काही बघायचं असेल तर संध्याकाळी या, पश्चिमेचं बघायचं असेल तर सकाळी. उलट केलंत तर डोळ्यांवर हात धरून उभे राहाल आणि खाली येऊन मला शिव्या द्याल. एवढं एकच शास्त्र, पण मी ते जिवापाड जपलं होतं. माणसाचं बोलणं ऐकायचं, त्याला काय बघायचंय ते काढून घ्यायचं आणि नेमकं तिकीट हातात ठेवायचं.

सुदामा नगरातलं एक जोडपं आठवतं. तो कुठल्याशा सरकारी खात्यात क्लार्क, ती शाळेत शिक्षिका. कर्ज काढून नुकतंच घर बांधलेलं, आणि ते घर त्यांना वरून बघायचं होतं. सुदामा नगर आमच्या पश्चिमेला. ती दोघं ऑफिस सुटल्यावर आलेली, म्हणजे तिसरी पाळी. मी सरळ सांगितलं, आज घेऊ नका, रविवारी सकाळी या.

‘अहो, पण आम्ही आज आलोय ना,’ बाई म्हणाल्या.

‘आज ऊन बघून जाल. घर बघायचंय ना? आणि येताना गच्चीवर लाल चादर वाळत टाकून या. वरून सगळी घरं सारखीच दिसतात, नंतर नवऱ्याशी भांडत बसाल.’

रविवारी ती दोघं आली, आणि खाली आली तेव्हा बाईंचे डोळे भरलेले. मला म्हणाल्या, ‘दिसली हो चादर. एवढीशी.’ त्यांनी ती युक्ती सगळ्या कॉलनीला सांगितली. महिन्याभराने सुदामा नगरात रविवारी सकाळी जिकडे तिकडे लाल चादरी, आणि वर दुर्बिणीपाशी ‘वो हमारी है’, ‘नहीं भिया, वो तो हमारी है’ अशी हमरीतुमरी. मी हा किस्सा घरी सांगितला तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसली. बाबाही हसले.

दुसरे एक गृहस्थ मानपुरचे. मुंबईच्या रस्त्यावर त्यांचा ढाबा. त्यांना तो ढाबा वरून बघायचा होता. मी म्हटलं, काकाजी, मानपुर महूच्याही पुढे, मधे टेकड्या, कसा दिसेल? ते ऐकेनात. ‘आप तो बस टिकट बताओ कौन सा लूँ.’ मी पण हट्टाला पेटले. दक्षिणेकडे बघायचं, तर दुसरी पाळी कामाची नाही. पहिलीच घ्या, लवकर या, धुरळा उडायच्या आधी. ते गेले, उतरले आणि खिडकीशी येऊन अगदी गंभीरपणे म्हणाले, ‘तंदूर का धुआँ दिखा. लड़के ने आज भट्टी देर से लगाई है.’ पुढे वर्षातून दोनदा तरी ते येत आणि नोकर वेळेवर उठतात की नाही हे आमच्या गच्चीवरून तपासून जात.

आता मिलवाल्यांचं सांगते. ते सांगायला बसलेय म्हणून तर इतकं इकडचं तिकडचं बोलत राहिले.

आमचे बाबा मिलमध्ये साच्यावर होते. साचा म्हणजे माग, ज्यावर कापड विणतात. आमचे आजोबा महूच्या छावणीत फौजेत. बाबा इंदुरात आले आणि मिलमध्ये लागले. त्यांच्या आधीच्या काळात आमच्या लोकांना साच्यावर उभं करत नसत, सूतखात्यातच ठेवत. कारण बाबा सांगत ते असं : धोट्यात, म्हणजे साच्यावर इकडून तिकडे धावणाऱ्या लाकडी नावेत, सुताची नवी कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडाने ओढून बाहेर काढावं लागे, आणि आमच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याने हातात कसा धरायचा? बाबांनी तेरा वर्षं सूतखात्यात काढली आणि मग साचा मिळवला. आमच्या वस्तीतून साच्यावर उभे राहिलेले ते पहिले. ज्या दिवशी साचा मिळाला त्या दिवशी वस्तीत जिलेबी वाटली होती, हे आई अजून सांगते.

मिल बंद झाली तेव्हा फाटकावर कागद लागला, पण त्यात कायमची बंद असं कुठे लिहिलेलं नव्हतं. बाबा रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून फाटकावर जात. तिथे वीस-पंचवीस जण कडुनिंबाखाली बसलेले असत. फाटक तसंच, चौकीदार तसाच, आतली चिमणी तशीच. ‘चालू होणार’ असं कोणीतरी रोज सांगे. दुपारी बाबा घरी येत आणि आईला सांगत, ‘पार्टी आली आहे म्हणे मुंबईची. बघू.’

मिल आमच्या टावरच्या पूर्वेला, रेल्वेलाईनच्या पलीकडे. नोकरीला लागून वर्ष झालं असेल. एका संध्याकाळी दुर्बिणीवरचे शकील भाई खाली आले. साठीचे, कमी बोलणारे गृहस्थ. म्हणाले, ‘दीदी, आपके अब्बा उसी मिल में थे ना? एक बार ऊपर आके देख लो.’

मी वर गेले. ऊन माझ्या पाठीशी होतं आणि समोरचं सगळं लख्ख दिसत होतं. साचाखात्यावरचे पत्रे नव्हते. मागची, रेल्वेकडची भिंत फोडून मोठं भगदाड पाडलेलं, आणि आत मोकळी जमीन. एकही साचा नाही. भगदाडाशी ट्रक उभा होता. पुढच्या फाटकावरून यातलं काही दिसायची सोय नव्हती. मी शकील भाईंना म्हटलं, कोणाला सांगू नका. त्यांनी मान हलवली.

घरी आईला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. म्हणाली, ‘त्यांना नको सांगू. फाटकावर जातात तर चार माणसांत बसतात. घरात बसले तर झुरतील.’ मला ते पटलं. खरं म्हणजे सोयीचं वाटलं.

त्यानंतर मिलवाले खिडकीवर येऊ लागले. उंचावरून मिल दिसते हे कानोकानी पसरलं होतं. डोक्यावर टोपी, खिशात घडी घातलेला रुमाल, आणि हळू आवाजात ‘बेटा, अपनी मिल दिखेगी?’ माझ्या शास्त्राप्रमाणे त्यांना तिसरी पाळी द्यायला हवी. मी पहिली देऊ लागले. सकाळी सूर्य नेमका मिलच्या डोक्यावर. वर जाणाऱ्याला दिसणार ती चमक, धुरकट हवा आणि मधे काळी उभी चिमणी. छप्पर आहे की नाही हे कळायची बिशाद नाही. सुदामा नगरच्या बाईंना ज्या हुशारीने मी त्यांची लाल चादर दाखवली, त्याच हुशारीने मी या माणसांना काही न दाखवता खाली आणत होते.

नामदेव काकांना तर मी विसरूच शकत नाही. बाबांच्या शेजारच्या साच्यावरचे, आमच्याच गल्लीतले. आदल्या दिवशी तिकीट घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला पोचले तर ते पायऱ्यांवर बसलेले, मांडीवर जेवणाचा डबा.

‘काका, इतक्या लवकर कशाला आलात? दहाला उघडतं.’

‘तिकिटावर लिहिलंय ना पहिली पाळी,’ ते म्हणाले. ‘मी सातलाच आलो. पहिली पाळी सातलाच असते बेटा.’

अडीच तास तो माणूस पाळीवर हजर होऊन बसला होता, आणि मी त्याला सूर्याकडे तोंड करून उभं करणार होते. तिकीट बदलून द्यायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी दिलं नाही. काका वर गेले, डोळे पुसत खाली आले. ‘ऊन फार आहे गं. काही कळलं नाही. पण चिमणी आहे जागेवर.’ आणि समाधानाने फाटकावर गेले, ते सगळ्यांना सांगायला.

त्याच उन्हाळ्यात महूहून माझ्या मामाचा निरोप आला. तिथल्या एका शाळेत स्टोअर सांभाळायला माणूस हवा होता. छावणीतली ओळख, काम बसून करायचं, बाबांचं नाव त्याने घालून ठेवलेलं. आठ दिवसांत हो की नाही कळवायचं होतं. आईने सांगून पाहिलं, मी सांगून पाहिलं. बाबा म्हणाले, ‘मी महूला गेलो आणि इकडे मिल चालू झाली तर? माझा साचा दुसऱ्याला देतील. मग पुन्हा मिळायचा नाही.’

मी समोर बसले होते. साचा नाहीच आहे बाबा, एवढे चार शब्द बोलायचे होते. आठवडाभर मी ते रोज सकाळी बोलायचं ठरवलं आणि रोज डबा घेऊन कामावर गेले. नवव्या दिवशी मामाने ती जागा दुसऱ्याला गेल्याचं कळवलं. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. मला अजून वाटतं.

पावसाळा सरला, हवा स्वच्छ झाली. आमच्या धंद्याचे ते दिवस बरे. तिसऱ्या पाळीची रांग लिफ्टपर्यंत गेलेली, मी मान खाली घालून तिकिटं फाडत होते. समोरून आवाज आला, ‘एक गुलाबी.’

बाबा होते. टावरवर ते कधी आलेले नव्हते. तिकीट काढून इंदूर बघायला मी काय पाहुणा आहे, असं म्हणायचे. स्टाफच्या घरच्यांना पास होता तोही त्यांनी कधी घेतला नाही. आज मात्र रांगेत उभं राहून आले होते, इस्त्रीचा सदरा घालून.

‘बाबा, घरी सांगायचं ना,’ मी म्हटलं. ‘उद्या सकाळी या, मी पास करून ठेवते. सकाळी गर्दी नसते.’

‘सकाळचं नको. आत्ताचं दे.’

‘आत्ता वर वारा फार असतो.’

त्यांनी खिडकीच्या कडप्प्यावर दोन्ही हात ठेवले. आवाज चढवला नाही. ‘नामदेवला सकाळचं दिलंस. वानखेड्याला सकाळचं. मोहनलालला पण सकाळचंच. तिघं येऊन तेच सांगतात, डोळ्यावर ऊन होतं, काही दिसलं नाही. आणि सुदामा नगरवाल्यांना तू ऊन बघून तिकीट देतेस, हे तूच घरी सांगितलंस. मग मिलवाल्यांच्याच वेळी तुझी चूक कशी होते?’

मागचा कोणीतरी म्हणाला, ‘दीदी, जल्दी करो ना.’

मी गुलाबी तिकीट फाडलं. शिक्का मारला. त्यांनी ते उजेडात धरून पूर्ण वाचलं, तारखेसकट, आणि वरच्या खिशात ठेवलं. मग मी खिडकीत ‘बंद’ची पाटी लावली आणि बाहेर आले. मॅनेजर साहेब ‘अरे, सुजाता, क्या हुआ’ म्हणत राहिले. रांगेतल्या लोकांनी काय काय म्हटलं ते इथे लिहिता येत नाही.

लिफ्टमध्ये आम्ही दोघं वरच्या आकड्यांकडे बघत होतो. गच्चीवर शकील भाईंनी बाबांना पाहिलं, मग मला. मी मान हलवली. त्यांनी दुर्बीण पूर्वेकडे वळवली आणि अदबीने बाजूला झाले. बाबांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला आणि वाकले.

आधी ती नळी वर होती, चिमणीवर. मग हळूहळू खाली आली आणि एका जागी थांबली. मला वाटलं होतं त्यांना आधार द्यावा लागेल. मी पाण्याची बाटली बरोबर आणली होती, ती छातीशी धरून उभी होते.

‘पत्रे गेले,’ बाबा म्हणाले. नळी किंचित सरकवून म्हणाले, ‘भिंत मागून फोडली. तरीच फाटकावर कळलं नाही.’

‘बाबा, मला गेल्या वर्षापासून माहीत होतं.’

‘हं.’

‘महूची नोकरी माझ्यामुळे गेली.’

‘गेली,’ ते म्हणाले. दुर्बिणीवरचा डोळा त्यांनी काढला नव्हता. ओठ हलत होते. मी जरा पुढे झाले तेव्हा ऐकू आलं, ते मोजत होते. एक, दोन, तीन, चार. मग थांबून पुन्हा पहिल्यापासून. शकील भाईंच्या हातातलं घड्याळ मला दिसत होतं, तीन मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. त्यांनी ते खिशात टाकलं.

‘इकडे ये,’ बाबा म्हणाले. ‘नळीला धक्का लावू नको. तशीच बघ.’

मी डोळा लावला. तीच मोकळी जमीन. कित्येक महिने मी ती रोज संध्याकाळी बघत आले होते.

‘काळे काळे पट्टे दिसतात का जमिनीवर? तेल मुरलंय ते. साचे गेले तरी ते जात नाही. एकेक पट्टा म्हणजे एकेक ओळ. डावीकडून चौथी धर.’

‘धरली.’

‘तिच्यात एक खांब उभा आहे?’

‘आहे.’

‘त्याच्या अलीकडे चौकोनी डाग आहे बघ. जरा मोठा. तिथे मी उभा राहायचो.’

सापडला. चौकोनी, काळा, त्याच्या एका कडेला गवत उगवलेलं. साचे गेले, पत्रे गेले, हे सगळं मी पाहिलं होतं. ते बाबांपासून लपवायला सूर्यसुद्धा कामाला लावला होता. पण त्या एवढ्या जमिनीत बाबांची जागा कुठली, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं आणि डाग पुसट झाला. मी डोळा पुसून पुन्हा लावला.

मागे रांगेतला एक माणूस कंटाळला होता. ‘काकाजी, हो गया क्या? हमारा भी नंबर है.’

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता, तो काढला नाही. ‘रुको भिया,’ ते म्हणाले. ‘बेटी देख रही है.’